गुऱ्हाळाच्या पुस्तकातली हेमांगी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ७ ऑक्टोबर १९५४

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक, म्हणजे माझी पाठ सोडून. तुमच्या चंदगडचा पाऊस एकदाचा थांबला का, वहिनींचा दमा कसा आहे आणि भिंतींची बुरशी खरवडून झाली का, ते कळवावे. आई बरी आहे. माझ्यापेक्षा बरी आहे. कचेरीनं मला इतक्या वर्षांत थकवलं नाही तेवढं आमच्या ग्रंथालयानं या पावसाळ्यात थकवलं.

तुम्ही इथे होतात तेव्हा सगळं ग्रंथालय एका माडीवर मावत होतं. आता त्याच्या तीन शाखा झाल्या आहेत. (प्रगती झाली की चालावं जास्त लागतं, असं माझं अनुभवाचं मत आहे.) यादी मुख्य शाखेत, पुस्तक शाहूपुरीत आणि पुस्तक देणारे गृहस्थ रजेवर. वाचनकक्षात एक वर्तमानपत्र चौघे वाटून वाचतात. माझ्या वाट्याला नेहमी जाहिरातींचं पान येतं, त्यामुळे जगात काय चाललंय ते मला ठाऊक नाही, पण कोणत्या गिरणीचं धोतर टिकतं हे तोंडपाठ आहे. पुन्हा इथे पाय ठेवणार नाही अशी शपथ घेऊन बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी कचेरी सुटली की पायरीवर हजर. खरं सांगू का, फुकटात शहाणं झाल्यासारखं वाटायला गावात दुसरी जागा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, त्यातली गत.

मूळ प्रकरण आईचं. मोतीबिंदूनं दृष्टी गेल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून बसायची, ते तुम्ही चैत्रात पाहिलंतच. बोलणं नाही, जेवणात लक्ष नाही. मला ते बघवत नसे. म्हणून ग्रंथालयातून एक ऐतिहासिक कादंबरी आणून तिला संध्याकाळी वाचून दाखवू लागलो, आणि दादा, आठवड्याभरात आई भिंतीकडून माझ्याकडे वळून बसली! कादंबरीत हेमांगी नावाची एक सरदारीण, तिचा नवरा मोहिमेवर. पहिल्या भागाच्या शेवटी तो घोड्यासकट पुरात पडतो आणि तिथेच भाग समाप्त. आईनं हातातला घास तसाच ठेवून मला विचारलं, ‘अरे, त्याला पोहता येत होतं का?’

दुसऱ्या भागासाठी मी तिन्ही शाखा पालथ्या घातल्या. मुख्य शाखा म्हणे शाहूपुरीत, शाहूपुरी म्हणे उचगावच्या एका सभासदाकडे. सायकलनं उचगाव गाठलं (निम्म्या वाटेत चेन तुटली, पुढे मीच सायकलीला नेलं), तर त्यानं आदल्याच दिवशी पुस्तक परत केलेलं. कुठल्या शाखेत, ते त्याला आठवेना. शेवटी मुख्य शाखेतला शिपाई केरबा, त्याला माझी दया आली. आत जाऊन त्यानं एक ठोकळा आणला आणि म्हणाला, “दुसरा भाग कुटं गावंना बगा. ह्यो घेऊन जावा, जाडीला तेवढाच हाय की!” ते शेतकी खात्याचं गुऱ्हाळावरचं पुस्तक होतं. आईसमोर रिकाम्या हातानं जायचा धीर होईना, म्हणून मी ते घेतलं.

घरी आई वाट बघत बसलेली. पुस्तक उघडलं, समोर उसाचा रस उकळण्याची रीत आली, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘सरदारानं घोड्याची आयाळ घट्ट धरली.’ झालं! तेव्हापासून चार महिने मी रोज एक प्रकरण रचतो आहे. सरदार वाचला, पकडला गेला, सुटला, पुन्हा पकडला गेला (त्या दिवशी मला ताप होता). शेजारच्या झुंबरबाई भाकऱ्या टाकून ऐकायला येतात. त्यांना आमचा दुष्ट दिवाण सोसत नाही. ‘त्या मुडद्याला कवा मारतायसा?’ असं नळावर चारचौघांत विचारतात. इकडे पुस्तकाची मुदत दर पंधरवड्याला वाढवून घ्यावी लागते. गुऱ्हाळाचंच पुस्तक पुन्हा पुन्हा नेतो हे पाहून ग्रंथपालांनी समजूत करून घेतली की मी नोकरी सोडून गुऱ्हाळ घालतोय. ती बातमी कचेरीत पोचली. हेडक्लार्कनी बोलावून राजीनामा केव्हा देता म्हणून विचारलं, आणि पहिल्या काहिलीचा गूळ घरी पाठवा असंही सांगितलं.

आणि गेल्या गुरुवारी खरा दुसरा भाग सापडला. जोतिबाला नवस फेडून आल्यासारख्या चेहऱ्यानं केरबानं तो माझ्या हातात ठेवला. सुटलो एकदाचा, म्हणून मी घरी धावलो. उघडतो तर पहिल्याच पानावर सरदाराचं प्रेत काठाला लागलेलं आणि हेमांगी सती जायला निघालेली! चार ओळी ऐकल्या न ऐकल्या तोच आई म्हणाली, ‘हे कुठलं भलतंच आणलंस? परत देऊन ये. कालचं पुढे वाच, हेमांगीला सातवा लागलाय ते.’ मी मुकाट्यानं परत गेलो. इतक्यात वाचून झालं का, असं ग्रंथपालांनी कौतुकानं विचारलं. मी हो म्हटलं. आता डोक्यात एकही सरदार शिल्लक नाही, दादा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र पेटीत टाकायला सौ. मीनाक्षीकडे देतो आहे, कारण मला चालवत नाही.

आपला थकलेला बंधू,
यज्ञेश्वर

ता. क. लिहायचं खरं कारण राहिलंच. आई सोमवारच्या एस.टी.नं तुमच्याकडे येते आहे, पौषापर्यंत राहील. गोष्ट आता तुम्ही पुढे न्यायची. घरातलं कोणतंही जाड पुस्तक हातात धरा. सरदार तुमच्याच बाजूच्या रानात लपलेला आहे, दिवाण जिवंत आहे, हेमांगीला सातवा. आईला संशय मात्र येऊ देऊ नका. दिसत नाही म्हणून आपल्याला फसवतात असं तिला वाटलं, तर ती पुन्हा भिंतीकडे वळेल. मला त्याचीच भीती वाटते.

आणखी एक ता. क. भाऊजींना मीनाक्षीचा नमस्कार. सासूबाईंनी हे पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. पुढचं त्या सांगतात तसं लिहिते.

चि. नृसिंहास आशीर्वाद. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पहिला भाग वाचताना यज्ञा पान उलटायचा तेव्हा वाक्य मधेच लोंबकळायचं. पुरानंतर त्याचं प्रत्येक वाक्य पान उलटायच्या आत पुरं होतं. असं पुस्तक कोणी छापत नाही. पण छापलेलं वाचताना तो दुसऱ्याचं बोलायचा, हे सगळं त्याचं स्वतःचं. लहानपणी माझ्या कुशीत पडून बडबडायचा, तसं. खरा भाग आला तेव्हा वाटलं, आता त्याचं हे बोलणं बंद होणार, म्हणून परत करायला लावला. तू पुस्तकबिस्तक धरू नकोस. कचेरीत काय झालं ते रोज सांग, मी ऐकेन. हेमांगीला मात्र हात लावू नकोस. तिचं बाळंतपण यज्ञाकडेच व्हायचंय. मी पौषात परत जाईपर्यंत ती थांबेल.