लाल टोपीची सिरिंज

उमरेड, २६ ऑगस्ट २०२५

चि. चंपतला रंभाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझे भाऊजी शुद्धीवर आहेत आणि बिनसाखरेच्या चहावरून कुरकुरत आहेत, हे आधी सांगते. आता पुढचं वाच आणि खुशाल घाबर.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांना इन्सुलिन द्यायचं काम मी तुझ्या वैभवीकडे दिलं. लेक फार्मसीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, मला कसली काळजी? तिच्यासोबत तू तुमच्या बेसा भागातल्या एका दुकानातून जी शिशी पाठवलीस, ती नेहमीपेक्षा जास्त ताकदीची निघाली. आमच्याकडच्या सिरिंजा लाल टोपीच्या, हलक्या औषधाच्या. डोळ्याला पट्टी होती म्हणून मी विचारलं, की शिशी तीच आहे ना. ती म्हणाली, आत्या, तेच नाव आहे, तीच कंपनी आहे. आणि नेहमीच्या खुणेपर्यंत भरून टोचलं. अंगात गेलं अडीचपट.

हे घामाने निथळले, बरळायला लागले आणि स्वयंपाकघराच्या दारातच कोसळले. दवाखान्यात साखर चढवली तेव्हा डोळे उघडले. डॉक्टरांनी वैभवीला विचारलं, की जास्त ताकदीच्या इन्सुलिनची नारंगी टोपीची सिरिंज कधी पाहिली नाही का. ती रडत म्हणाली, की कॉलेजात कुठलीच सिरिंज हातात धरली नाही. प्रॅक्टिकल मैत्रिणीच्या वहीतून उतरवले. दवाखान्यातल्या प्रशिक्षणाच्या कागदावर तर दवाखाना न बघताच सह्या झाल्या. चंपत, मला अजून विश्वास बसत नाही. हे काय शिकवतात रे पोरांना?

घरच्यांना आशीर्वाद. राग आला तरी ताईवरची माया कमी करू नकोस.

तुझी,
रंभाताई

---

बेसा, नागपूर
१ सप्टेंबर २०२५

ती. रंभाताईस चंपतचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भाऊजींना काही झालं असतं तर मी तुला तोंड कसं दाखवलं असतं? पण ताई, एक विनंती आहे. ही गोष्ट उमरेडात कोणाला सांगू नकोस. दसऱ्याला दुकानाचं उद्घाटन आहे. ‘वैभवी मेडिकल’ अशी पाटीही रंगवून आली.

तू फारच मनावर घेतेस. आजकाल प्रॅक्टिकल कोण करतं? रोज जावं लागत नाही म्हणूनच तर मी ते कॉलेज निवडलं होतं. तिला औषधं द्यायचीच नाहीत. तिचं सर्टिफिकेट भिंतीवर राहील आणि काउंटरवर मी बसेन. नोंदणीच्या कागदांवर तिच्या सह्या हव्यात, तेव्हा तिला पहिल्या एसटीने पाठवून दे. तू हेडमास्तरीण होतीस हे मला ठाऊक आहे, पण आता माझ्या पोरीची शाळा घेऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार. धाकट्या भावावर कृपा ठेव.

तुझा,
चंपत

---

उमरेड, १८ सप्टेंबर २०२५

चि. चंपतला अनेक आशीर्वाद. वि. वि.

वैभवीला मीच एसटीत बसवणार होते. तिची बॅग दारात आणून ठेवली होती. पण दवाखान्यातून घरी आल्यावर तुझ्या भाऊजींनी जे केलं, त्याने मी चाटच पडले. मी सिरिंज उचलली, तर यांनी सदरा खाली ओढून धरला. म्हणाले, की सुई पोरीनंच द्यायची, दुसऱ्या कोणाच्या हातानं मी घेऊन नाही राहिलो. ती घाबरून मोरीत जाऊन बसली, तर हे दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. मी कपाळावर हात मारला. जो हात जीव घेता घेता राहिला, त्याच हातापुढे पोट उघडं करायचं!

शेवटी ती बाहेर आली. शिशीवरची ताकद मोठ्याने वाचली, सिरिंज उजेडात धरली आणि मलाही वाचायला लावलं. तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. दुपारी ती सरकारी दवाखान्यात औषधं देतात त्या खिडकीमागे उभी राहून शिकते. चुकली की बोलणी खाते, आणि घरी येऊन मला तेच शिकवते. कॉलेजच्या दोन वर्षांत तिने पुस्तक उघडलं नसेल, आता जेवताना मिटायला सांगावं लागतं.

तिचा निरोप असा, की नुसत्या सह्यांवर झालेलं प्रशिक्षण खरोखर पुरं केल्याशिवाय ती नोंदणीच्या कागदांवर सही करणार नाही. बाबांना सांगा, म्हणाली, पाटीवरून माझं नाव काढा. मी तिला असं काही शिकवलेलं नाही. तू चिडशील, पण लोभ सोडू नकोस.

तुझी,
रंभाताई

---

बेसा, २७ सप्टेंबर २०२५

ती. रंभाताईस शि. सा. नमस्कार.

चिडलो होतोच. दोन दिवस जेवलो नाही. म्हटलं, सगळा दोष त्या शिशीच्या दुकानदाराचा, म्हणून त्याच्याशी भांडायला गेलो. ताकद न बघता शिशी काहून दिली, असं विचारलं. त्याने खांदे उडवले. मी म्हटलं, ज्याचं सर्टिफिकेट लावलं आहे त्याला बोलावा. तर म्हणाला, ती बाई भंडाऱ्याला असते, दुकान तिनं पाहिलंही नाही, फक्त तिचं नाव लागतं.

मी भिंतीवरच्या सर्टिफिकेटमधल्या नावाकडे बघत राहिलो. ताई, मला तिथे वैभवीचंच नाव दिसायला लागलं. भाऊजींना ज्या दुकानाने लोळवलं, तसंच दुकान मी दसऱ्याला उघडणार होतो, तेही पोरीच्या नावाने आणि पेढे वाटून!

पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. उद्घाटन कधी, ते आता वैभवी ठरवेल.

आणखी एक काम आहे. त्याच दुकानातून आणलेल्या माझ्या बीपीच्या नव्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत पाठवतो आहे. बरोबर आहेत का, ते वैभवीला बघायला सांग. लगेच सांगता आलं नाही तर पुस्तक उघडून सांगू दे. जुन्या गोळ्यांची पट्टी अजून शिल्लक आहे. तोवर नव्या घ्यायला मी थांबतो.

आम्हा बापलेकीवर माया राहू दे.

तुझा,
चंपत