पिवळ्या टॅगच्या माद्या

ता. ४ नोव्हेंबर

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या होडीवरून परतले तरी पायाखालची जमीन अजून डुलतेच आहे. बोटांवर नांग्यांचे वळ आहेत. वहिनीला सांग, तिनं बांधलेली चिंधी इथल्या डॉक्टरच्या पट्टीपेक्षा बरी निघाली.

काम मात्र झकास झालं. खेकडे कात टाकताना आपण लावलेला टॅगही टाकून देतील अशी धाकधूक होती. पण तू कवचाच्या मागच्या शिवणीत तो इतका नेमका बसवत होतास, की आता काळजी नाही. पुढचं सगळं तुमच्या धक्क्यावर. पिवळ्या टॅगचा खेकडा सापडला की टॅग धाडायचा आणि पकडल्याची जागा कळवायची, एवढंच. लोक विचारतील, हे कशाला. सांग, की माद्या अंडी घेऊन कुठं जातात ते बघायचंय. कोणाच्या पिंजऱ्याला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द.

धाकट्या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
टिल्ली

ता. २ फेब्रुवारी

चि. टिल्लीस,
अ. आ.

सोबत टॅग धाडतोय. आधी कोणी द्यायलाच तयार नव्हतं. मिशीवाला म्हणाला, की आपल्या जागा सरकारला सांगायला आपण काय खुळे आहोत? मी चारचौघांत सांगितलं, की ती माझ्या पाठची बहीण आहे, तिचा शब्द तो माझा शब्द. मग मात्र चढाओढच लागली. बर्फवाल्याच्या बायकोनं तर चुलीवरच्या पातेल्यातला टॅग धुऊन आणून दिला!

बहुतेक माद्या खाडीच्या तोंडासमोरच्या वाळूच्या पट्ट्यात सापडल्या. आमचे सगळ्यांचे पिंजरे तिथंच असतात. तुझी वहिनी म्हणते, खेकड्यांनाही बाळंतपणाला माहेर लागतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमची आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
अण्णा

ता. १९ मे

ती. अण्णास,
शि. सा. न.

वाळूचा पट्टा पिंजऱ्यांना बंद केल्याचा हुकूम माझ्याआधी तुझ्यापर्यंत पोचला असेल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

अहवाल माझाच आहे. आमच्या खात्याच्या साहेबांनी विचारलं, की पट्टा चालू राहिला तर काय होईल. मी खरं ते सांगितलं, की काही वर्षांत तिथं मादी दिसणार नाही. शब्द देताना, यातून काय निघेल हे मला ठाऊक नव्हतं रे. आधी धक्क्यावर जाऊन सगळ्यांशी बोलू द्या, असंही म्हटलं होतं. ते म्हणाले, बोलणी करत बसलो तर हंगाम हातचा जाईल. मी गप्प बसले.

अहवालात सगळ्यांत आधी तुझे आभार मानलेत. नावानिशी.

रागाव, पण लिहीत राहा.

टिल्ली

ता. ६ जून

चि. टिल्लीस,

ते आभाराचं पान मिशीवाल्यानं धक्क्याच्या खांबावर लावलंय. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवतात.

तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. माद्या कमी झाल्यात, हे पिंजरे उचलताना मलाही दिसत होतं. मला आधी सांगितलं असतंस तर मीच धक्क्यावर उभा राहून म्हटलं असतं, की पिंजरे काढा. शिव्या खाल्ल्या असत्या, पण माझ्या तोंडानं. आता त्यांना वाटतं, मी हंगामभर गोड बोलून त्यांचा गळा कापला. मी काय सांगू? की मलाही हुकूम वाचूनच कळलं?

कळावे.

अण्णा

ता. ११ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि नव्या टॅगचं पार्सल मिळालं. यांनी ते उघडलं नाही. यंदाही होडी मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. होडी वाळूवर आहे. ती पाण्यात लोटायला दहा माणसं लागतात आणि बोलावून एक येत नाही. हे आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायला जातात. तुमच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. तुमच्याबद्दल काहीच बोलत नाहीत.

एक गोष्ट यांना न सांगता लिहितेय. दुसऱ्या जागी लावलेल्या पिंजऱ्यांत तुमच्या टॅगची मादी आली, की लोक ती विकत नाहीत, सोडतही नाहीत. पोटाखालच्या अंड्यांसकट ठेचतात आणि आमच्या दारात टाकतात. हे उठायच्या आत मी झाडून घेते.

म्हणून हात जोडून सांगते, नवे टॅग लावू नका. आता जिच्या पाठीवर पिवळं दिसतं, तीच आधी मरते.

माया आटलेली नाही, पण ती दाखवायची सोय या घरात उरलेली नाही. सांभाळून असा.

तुमची,
वहिनी