आईच्या खोलीचं आयुष्यमान

३ जानेवारी
आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन २० फेब्रुवारीला. नंतर काही महिने जिना बंद, आणि आमच्याकडे झोपायच्या खोल्या, बाथरूम सगळं वरच. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी खोली. गवंडी म्हणाला, पाच आठवडे लागतील, उद्याच विटा उतरवतो. थांबवलं त्याला. परवाच मी लाइफ सायकल असेसमेंटचा ऑनलाइन कोर्स पुरा केलाय. माती खणल्यापासून भिंत पाडेपर्यंत वीट किती कार्बन सोडते, हे कळल्याशिवाय एकही वीट दारात येणार नाही. रविवारपर्यंत तक्ता तयार.

९ जानेवारी
तक्ता जवळजवळ तयार. भाजलेली वीट बाद, भट्टीमुळे. गवंडी म्हणाला, मग वीजकेंद्राच्या राखेची घ्या. विचारलं, ती राख येते कशी? म्हणाला, ट्रकने येते साहेब, चालत नाही येत. टोमणा होता, पण मुद्दा माझाच सिद्ध झाला. राखही बाद.

१५ जानेवारी
दाबलेल्या मातीची वीट. पक्कं! नमुना बघायला गाडीने जाऊन आलो, एकशे ऐंशी किलोमीटर. हे तक्त्यात धरायचं नाही. ते संशोधन.

१६ जानेवारी
बायको म्हणते, धरायचं. दुपारभर येरझाऱ्या. धरलं. मातीची वीट बाद.

२४ जानेवारी, सकाळी
बांबू उत्तम. टिकतो किती, यावर जाणकारांचं एकमत नाही. माझंही नाही. गवंडी दुसऱ्या कामावर गेला. बरंच झालं. फार घायकुतीला यायचा.

२ फेब्रुवारी
घोडं कुठे अडलंय ते सापडलं! 'वापराची वर्षं' हा रकाना रिकामाच होता. जितकी जास्त वर्षं वापर, तितका दरवर्षीचा कार्बन कमी. अंदाज कशाला बांधायचा? वापरणारी घरातच आहे. चहाच्या वेळी आईला विचारलं, खोली तू साधारण किती वर्षं वापरशील? बायकोने कप आदळला. आई मटार सोलत होती. दोन-तीन शेंगा झाल्यावर म्हणाली, तुला किती सोयीची पडतील? मी म्हटलं, पन्नास धरता आली तर फारच छान. ती हसली. अठ्ठ्याहत्तरची आहे, पण तिला विषयात रस आहे. उगाच इतके दिवस विचारलं नाही.

३ फेब्रुवारी
बायको बोलत नाही. कामाला शांतता बरी.

१९ फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. खोली नाही, पण पद्धत पक्की झाली. आई पाच दिवस हॉस्पिटलमध्ये, तेवढ्यात पाया तरी होईल. गवंडी फोन उचलत नाही. आईची बॅग भरायची राहिली होती, ती बायकोने भरली.

२५ फेब्रुवारी
ताई आईला हॉस्पिटलमधून परस्पर स्वतःच्या घरी घेऊन गेली. खालच्या मजल्यावरची तिची शिलाईची खोली एका दुपारीत रिकामी केली म्हणे. त्या खोलीच्या भिंती कसल्या आहेत विचारलं. तिने फोन ठेवला. घाईत असेल.

१८ मार्च
आज मोठा निष्कर्ष हाती आला. खोली बांधलीच नाही, तर कार्बन शून्य! कुठल्याही विटेला जमलं नाही असा आकडा. बायकोला दाखवला. तिने बघितला आणि दिवा बंद करून वर गेली. तसाच ताईकडे फोन लावला, म्हटलं आईला सांगावं. ताई म्हणाली, आई बाहेर फेऱ्या मारतेय. काठीशिवाय, आज पहिल्यांदाच. काही निरोप द्यायचाय का?
नको म्हटलं.