पहिला बंद, दुसरा उघडा, तिसरा बंद

चि. फ्यूज यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तू बरा असशीलच. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का ते कळव (मी पाठवलेलं औषध तिने कुंडीत ओतलं असणार हे मला ठाऊक आहे, पण निदान कुंडीचं तरी बरं चाललंय ना?). इकडे माझे गुडघे आपापल्या जागी आहेत. तुझे भाऊजी मात्र गेले चार दिवस खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेत आणि काहीही विचारलं तरी एकच उत्तर देतात, "माझं डोकं आता चालत नाही." अरे, हे वाक्य बायकोने म्हणायचं असतं! नवरा आपणहून म्हणायला लागला की घर खायला उठतं.

या सगळ्याच्या मुळाशी तू आहेस. माझ्या जुन्या ऑर्गनचा आवाज गेला, तेव्हा मी कुणाकडे तक्रार केली नव्हती. पट्ट्या धडधाकट, आतलं सगळं जळलेलं. तू म्हणालास, ताई, हाताने जोडायचा एक मिडी बोर्ड पाठवतो. पट्टी दाबली की तो निरोप धाडेल आणि शेजारची आवाजाची पेटी वाजेल. इथपर्यंत ठीक होतं. पण हे तू ह्यांच्यादेखत बोललास. एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस, त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की यात काय आहे, ही नळजोडणीच, फक्त ओली नाही. तू हसलास. (हसायला नको होतंस. ह्यांना कोण कधी हसलं याची नोंद ह्यांच्याकडे पक्की असते.) तेव्हापासून अडलं तरी तुला फोन करून विचारणं म्हणजे ह्यांच्या लेखी नाक कापून घेणं झालं.

पार्सल आलं. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर उभ्या पिनांच्या रांगा आणि एका पिशवीत मुगाएवढ्या काळ्या टोप्या. या टोप्या म्हणजे जम्पर. दोन पिनांवर टोपी बसवली की त्या आतून जोडल्या जातात, काढली की सुटतात, एवढंच. त्यातली एक पहिल्याच दिवशी निसटली आणि साठी केव्हाच ओलांडलेली आम्ही दोघं तासभर फरशीवर रांगत होतो (मिळाली ह्यांच्या स्वेटरच्या बाहीत). मग तो पाच पिनांचा गोल सॉकेट. पाचांपैकी दोन पिनांना काही कामच नसतं असं तू म्हणाला होतास. अख्ख्या बोर्डावरची हीच एक गोष्ट ह्यांना समजावून न सांगता पटली. खात्यात ह्यांच्या टेबलाशेजारी अशाच दोघांनी वीस वर्षं काढली, आणि त्यातला एक साहेब होऊन निवृत्त झाला. पुढे 'इन' आणि 'आउट' अशी दोन सारखी भोकं. ह्यांनी बोर्डाचं इन पेटीच्या इनला जोडलं. एकाचं बाहेर येणारं दुसऱ्याच्या आत जायला हवं असं मी म्हटलं, तर म्हणाले, "घरात पाणी इननेच येतं. मला शिकवू नकोस." अर्धा दिवस दोन्ही बाजू नुसत्या कान देऊन बसल्या, बोलेना कोणीच. मला आधी कोण बोलणार म्हणून अडून बसलेल्या आपल्या दोन आत्या आठवल्या.

पण खरा घोळ टोप्यांचा. कागदावर तीन ओळी होत्या: पहिला जम्पर बंद, दुसरा उघडा, तिसरा बंद. तुझ्या भाऊजींनी कागद वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि पहिल्यावरची टोपी काढली, दुसऱ्यावर घातली, तिसऱ्यावरची काढली. का? तर पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा म्हणजे वाहणार आणि बंद म्हणजे थेंब नाही. टोपी घातली की वाहतं, तर तो उघडा. काढली की थांबतं, तर तो बंद. एकतीस वर्षांच्या नोकरीला साजेसा हिशेब! विजेत नेमकं उलटं असतं, हे मला मागाहून आमच्या गानवृंदातल्या टेलिफोनवालीने सांगितलं (जन्मभर एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या तिने). विजेची वाट कुठे तुटलेली नसली की तिला बंद म्हणायचं, आणि तेव्हाच वीज धावते. म्हणजे बंद असताना चालू. असल्या भाषेत कामं करणाऱ्या तुम्हा लोकांच्या भरवशावर आम्ही डोक्यावर पंखे टांगतो.

रविवारी दुपारी वृंदाच्या सहा बायका सरावाला आल्या. येत्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात आमचा कार्यक्रम आहे. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दोन शब्द बोलले (अकरा मिनिटं) आणि बटण दाबलं. आता ऐक. पहिल्या जम्परला टोपी नसली की बोर्ड स्वतःची परीक्षा घेतो, म्हणजे कुणी हात न लावता खालपासून वरपर्यंत एकेक सूर वाजवत सुटतो. दुसऱ्याला टोपी असली की सगळं दोन सप्तकं वर चढतं. आणि तिसऱ्याला नसली की लागलेला सूर थांबतच नाही. शिट्टीवर शिट्टी चढत गेली. हे धावले आणि बोर्डाची केबल उपटली. आवाज तस्सा! कारण 'सुरू कर' म्हणणाराच निघून गेला, आता पेटीला 'पुरे' म्हणणार कोण? खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य हातात चिमटा घेऊन वर आले. त्यांच्या खुर्चीतल्या बाईंनी दचकून त्यांचं बोट चावलं होतं. शेवटी टेलिफोनवालीने पेटीचा प्लग भिंतीतून काढला. त्या शांततेत आमच्या सर्वांत वयस्कर गायिका म्हणाल्या, "छान होतं हो, जरा वरच्या पट्टीत गेलं इतकंच." बायका हसल्या. मी तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हे हसले नाहीत. बोर्ड खोक्यात भरला, खोकं दोरीने बांधलं आणि भंगारवाल्यासाठी दाराशी नेऊन ठेवलं.

त्याआधीचे पंधरा दिवस हे सकाळी शीळ घालत उठत होते. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच. काल मोरीतला नळ गळत होता तर म्हणाले, "प्लंबरला बोलव." अर्ध्या गावाला पाणी पाजलेला माणूस म्हणतो, प्लंबरला बोलव! मी सगळ्यांची टिंगल करते हे तुला माहीत आहे, पण त्या वेळी मला फार वाईट वाटलं.

कार्यक्रमाचं सोड, उसनी बाजाची पेटी मिळतेय. बाकी क्षेम. घरात वडीलधारी आता मीच उरले, तेव्हा नमस्कार मलाच कर आणि लहानांचे माझ्या वतीने गालगुच्चे घे.

तुझी
ताई

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ह्यांना पुढच्या शुक्रवारच्या आत तुझं एक पत्र येऊ दे. कारखान्याच्या कागदातच चूक होती, 'बंद'च्या जागी 'जोडलेला' हवं होतं, भाऊजींनी केलं ते बरोबरच, असं लिही आणि माफी माग. जड जाईल, पण तू धाकटा आहेस. धाकटे असतात कशाला?

ता. क. दुसरा. कारखान्याचा कागद बरोबर आहे. फक्त तो इंग्रजीत होता. हे म्हणाले, तुझी भाषा चांगली, मराठीत उतरवून दे. मी दिला, वळणदार अक्षरात, समास आखून. 'बंद' आणि 'उघडा' हे शब्द माझे आहेत. तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल गोल केले, ह्यांच्या वाणसामानाच्या यादीतली वेलांटीसुद्धा कधी सोडली नाही. आता चूक माझी म्हणायला जीभ रेटत नाही. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

ता. क. तिसरा. पाकिटासाठी ह्यांचा खण उघडला तर त्यात माझा तो कागद. 'बंद'भोवती लाल पेन्सिलीचा गोल, शेजारी ह्यांच्या किरट्या अक्षरात 'जोडलेला', आणि खाली रविवारची तारीख. म्हणजे ह्यांना त्याच दिवशी उमगलं होतं! सहा बायका हसत असताना माझं नाव घेतलं नाही, नंतरही नाही. आणि मी चार दिवस ह्यांनाच बोलतेय. बोर्डाचं ह्यांना काही वाटलेलं नाही रे, माझं हसणं लागलंय. मला रडू येतंय, आणि एवढा मोठेपणा गुपचूप केल्याबद्दल ह्यांचा रागही येतोय. आता उठते, दाराशी जाऊन खोकं सोडते आणि सरळ सांगून टाकते. तू मात्र ते माफीचं पत्र पाठवच. ऐन वेळी माझी जीभ अडखळली तर लागेल.