धुतलेले हात

३ मार्च
पलंगाचा कठडा मी केला. पाठ वर घेणारी फळी, तिच्या बिजागऱ्या, पायाने दाबायचा नळ, हातमोज्यांच्या खोक्याची चौकट — सगळं स्वतःच्या हातांनी. कुठल्या शाळेत शिकलो नाही. हिची शुश्रूषाही तशीच शिकलो. पक्षाघातानंतर हिला घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, जंतुसंसर्ग सांभाळा. सांभाळला! हातमोज्यांशिवाय हिला बोट लावलेलं नाही.

६ मार्च
पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग करायला नवी सिस्टर आली. काम झाल्यावर हातमोजे काढून टाकले, माझ्या नळावर हात धुतले (नळ आवडला म्हणे) — आणि उघड्या हातांनी हिचे केस विंचरायला बसली. मी खोकं पुढे केलं.

"काका, जखमेला हातमोजे. केसांना धुतलेले हात पुरतात."

वर मलाच विचारते, तुम्ही बदलता कधी? त्याच हातमोज्यांनी दाराची कडी, तोच चमचा, तीच उशी. "त्यानं तुमचे हात स्वच्छ राहतात. काकूंचं काय?"

कालची पोर, मला शिकवते! आणि ही डोळे मिटून, मान सैल सोडून पडलेली. माझ्यापाशी कधी सोडत नाही.

७ मार्च
हिच्याशी बोललो नाही.

११ मार्च
पाणी तापवत होतो. आत ही सिस्टरला सांगत होती. जीभ जड, पण ऐकू आलं नीट — रंग ओघळलेला डबा धरावा तसं धरतात गं हे मला. दोघी हसल्या. हसल्या!

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन. हिनेच त्याला कळवलंय, मला घेऊन जा म्हणून. रविवारी गाडी घेऊन येतो, भावोजी, राग मानू नका. माझ्याच घरात कट शिजला, आणि मी बाहेर पाणी तापवतोय.

१२ मार्च
सरळ विचारलं, काय कमी केलं मी? हिने माझ्या हातांकडे बघितलं.

"अहो, दादाला तुम्ही काय सांगितलं होतं, आठवा."

मग तोंड भिंतीकडे.

१५ मार्च
उद्या गाडी. हातमोजे काढले. साबणाने हात धुतले, नखांखालीसुद्धा. फणी घेऊन दारात उभा राहिलो, आणि आठवलं. हिला घरी आणलं तेव्हा हिच्या भावाने पूर्णवेळ नर्स देऊ केली होती, महिना अठरा हजार, सगळा खर्च त्याचा. मी म्हणालो होतो, नको, माझे हात आहेत ना तिला! महिना अठरा हजार, सगळा खर्च त्याचा.