हाताला आठवणारे शब्द

४ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लांबलं म्हणून रागावू नकोस. घर एकदाचं लागलं. यांची बदली झाली तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती मला भाषेची होती, पण औषधांच्या दुकानात काम मिळालं आणि गिऱ्हाइकांशी बोलता बोलता माझं भागायला लागलं. यांचं तर लिफ्ट दुरुस्तीचं काम, दिवसभर लिफ्टशीच बोलायचं असतं, तिला कुठलीही भाषा चालते. धाकटा टिल्लू खालच्या पोरांत खेळून इथल्या भाषेत भांडायलाही शिकला.

घोडं अडलंय ते भिंगरीचं. नऊ वर्षांची पोर, घरात तोंडाचा पट्टा चालू आणि शाळेत मुकी. रोज संध्याकाळी मी तिच्याकडून दहा शब्द घोकून घेते, सकाळी पाटी कोरी. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की सुट्टीआधीच्या तोंडी परीक्षेत शब्द आले नाहीत, तर तिला एक वर्ग खाली बसवतील. खालचा वर्ग म्हणजे टिल्लूचा. तेव्हापासून तो घरभर मिरवतोय आणि ही जेवताना मान वर करत नाही. तू जन्मभर लहान मुलांना शिकवत आलीस. काहीतरी युक्ती सांग, मला तिचं तोंड बघवत नाही.

मुलांचे तुला पापे. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी छोटी

१२ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी ती पोपटपंची बंद कर. दहा शब्द एका दमात तुला तरी राहतील का? लहानपणी तू दुकानात दोन वस्तू आणायला गेलीस की तिसरीच घेऊन यायचीस, ते मी विसरलेले नाही.

माझ्या वर्गात एक युक्ती चालते. शब्दाचं चित्र करायचं, आणि तेही वेडगळ. खिडकीचा शब्द शिकायचा असेल तर खिडकीतून गाय डोकावतेय आणि पडदा चघळतेय असं डोळ्यांसमोर आणायचं. साधी खिडकी कोण लक्षात ठेवतो? करून बघ आणि मला नीट कळव. नुसतं जमलं किंवा नाही जमलं असं नको. ती शब्द आठवताना कुठे बघते, काय करते, कुठला पटकन येतो, सगळं लिही. मला फार उत्सुकता आहे.

जावईबापूंना लिफ्टमधून बाहेर येऊन जेवायला सांग. सगळ्यांना माझा आशीर्वाद.
तुझी ताई

२१ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या युक्तीने आमच्या घरात जनावरं वाढली, शब्द काही वाढले नाहीत. गाय लक्षात राहिली, पडदा राहिला, खिडकीला काय म्हणतात तेवढं राहिलं नाही. टिल्लूला मात्र हा खेळ इतका आवडला की त्याने आमच्या पलंगाखाली दोन पाणघोडे ठेवलेत.

पण एक गंमत झाली. परवा भिंगरी फरशी पुसायचं फडकं पिळत होती. मी येता-जाता 'पिळणे'ला इथे काय म्हणतात ते सांगितलं. घोकून घेतलं नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी पावसात फ्रॉक भिजला म्हणून ती तो पिळायला लागली आणि शब्द आपसूक तोंडातून बाहेर पडला. मी आणि हे एकमेकांकडे बघतच राहिलो. नंतर जेवताना विचारला तर येईना. पाण्याचा पेला ठेवून तिने हवेतच फडकं पिळलं आणि आला. हे काय गौडबंगाल आहे गं?

उत्तराची वाट बघते. लोभ कमी करू नकोस.
छोटी

२८ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वर्गात नेऊन पुन्हा वाचलं. डोळे मिटून आठवणारी मुलं मी पाहिली, पुटपुटत आठवणारी पाहिली. ही हाताने आठवणारी निघाली. मग तिला तिच्याच वाटेने जाऊ दे. प्रत्येक शब्दाला हाताची एक खूण करायची. खूण करताना शब्द मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या दिवशी आधी खूण, मग शब्द. आणि खूण तिनेच शोधायची. सुचवल्यावाचून तुला राहवत नाही हे मला ठाऊक आहे, पण तोंड बंद ठेव. शोधताना त्या शब्दाशी जी झटापट होते ना, तीच लक्षात राहत असावी असं मला वाटतंय.

मीही माझ्या मुलांना 'विलंब' शब्दाला खूण शोधायला लावली. एकाने इतकी सावकाश जांभई दिली की सगळा वर्ग जांभया द्यायला लागला. त्यांत मीही आले. शब्द मात्र एकजण विसरला तर शपथ.

भिंगरीच्या खुणा मला लिहून पाठव, एकही गाळू नकोस.
तुझी ताई

१९ जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

कुठून सुरुवात करू कळत नाही. गेले तीन आठवडे आमचं घर म्हणजे मुक्यांचं नाटक झालं होतं. 'शेजारी' म्हणजे कोपराने ढोसणं. 'उद्या' म्हणजे गालाखाली हात घेऊन झोपायचं आणि एक डोळा उघडायचा. 'महाग' म्हणजे बापाच्या खिशावर हात दाबून धरायचा. शंभरावर शब्द झाले. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते.

काल परीक्षा झाली. भिंगरीला एकही शब्द आला नाही. ताई, एकही नाही. सुट्टी संपली की खालच्या वर्गात. घरी येऊन ती कोपऱ्यात बसली आणि खुणासुद्धा बंद केल्या. मी चिडले, बोलू नये ते बोलले. मग रात्री तिच्यासोबत भांडी घासताना सहज एक शब्द विचारला. तिने आधी ओले हात पुसले, खूण केली आणि मग शब्द सांगितला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडी परीक्षेला मुलांना हाताची घडी घालून उभं करतात. मागे कोणीतरी बोटांनी एकमेकांना उत्तरं सांगितली होती, म्हणून तसा नियमच आहे. घडीत अडकलेल्या हातांना ती कुठून शब्द काढणार?

काय करू ते लगेच कळव.
छोटी

२३ जुलै

चि. छोटीस,
आशीर्वाद.

रडत बसू नकोस. पत्र आल्याबरोबर मी माझ्या वर्गाला हाताची घडी घालायला लावली आणि खुणांनी शिकवलेले शब्द विचारले. निम्म्या मुलांची बोटं घडीच्या आत वळवळत होती. ज्यांची वळवळत होती त्यांना शब्द आले. जी अगदी शहाण्यासारखी उभी होती ती अडली. इतकी वर्षं मी शहाण्यासारखं उभं राहायला शाबासकी देत आले.

त्या बाईंशी भांडू नकोस, नियम उगाच केलेला नाही. त्यांना एवढंच विचार की भिंगरीची परीक्षा एकटीची घ्याल का. खोलीत दुसरं मूलच नसेल तर ती खुणा करणार कोणाला? आणि विचारायचं ते भिंगरीने, तू नाही. तिला माझ्याकडून जवळ घे.
तुझी ताई

५ ऑगस्ट

ति. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आईने वरचं कसं लिहायचं ते सांगितलं, बाकीचं मी लिहितेय. आम्ही बाईंकडे गेलो. आई बोलायला लागली होती, पण मी तिचा पदर ओढला आणि मीच सांगितलं. माझे शब्द हातात आहेत, हात सोडा, असं इथल्या भाषेत म्हटलं. त्याच्या खुणा मी वाटेतच करून ठेवल्या होत्या. बाई आधी नाही म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा. मग थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत बसल्या आणि शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे आम्ही तिघीच होतो.

मला दोन शब्द अडले, बाकी सगळे आले. मग बाई शब्द विचारायच्या थांबल्या आणि खुणाच विचारायला लागल्या. हा कसा करतेस, तो कसा करतेस. 'उद्या' त्यांनी स्वतः करून पाहिला, पण त्यांचा डोळा एकटा उघडत नाही. मग त्यांनी विचारलं की बाईंना काय खूण आहे. मला सांगायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, दाखव. मग मी मान ताठ करून हाताची घट्ट घडी घातली. आईने डोळेच मिटून घेतले.

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी खाली बघितलं तर त्यांच्याही हाताची घडीच होती. त्यांनी ती सोडली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाल्या, सोमवारी शाळा उघडली की आपल्याच वर्गात बस. आई खूप रडली, पण ते चांगलं रडणं होतं. टिल्लू रुसलाय, कारण त्याने बाकावर माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

निघताना बाईंनी मला त्यांच्यासाठी दुसरी खूण शोधायला सांगितली. मी अजून शोधलेली नाही. आधी त्या कशा आहेत ते मला नीट बघायचंय.

तू माझ्यावर खूप माया करतेस, तेवढीच करत राहा.
तुझी भिंगरी