तुझ्या बाजूनं तो परत येतो

प्रिय आत्या,

आपल्या पुस्तकाचा शेवटचा भाग आला बघ. आणि आला तोही तुझ्याच पत्त्यावर. तू जाऊन वर्ष होत आलं, तरी ऑनलाइन खात्यातला कंधारचा पत्ता मी बदललेला नव्हता. बदलायला घेतला की बोट अडायचं. गेल्या आठवड्यात कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला ऑफिसात होते. तो म्हणाला, "मॅडम, घराला कुलूप हाय. गेटापाशी एक म्हातारे हुबे हायत, म्हणतेत आम्ही घरचेच. द्यू का त्येंच्यापाशी?"

'घरचेच' ऐकून माझं डोकं फिरलं. मग आठवलं, आज कंधारचा बाजार, म्हणजे ते गेटाशी असणारच. "द्या," म्हटलं आणि फोन ठेवला.

हे सगळं सांगू कुणाला? बाबांना सांगायची सोय नाही. त्यांच्यापुढे त्या माणसाचं नाव काढलं की ते ताटावरून उठतात. आणि पुस्तकातल्या वाघुळरावांवरून माझ्याशी भांडेल असं तर तुझ्यामागे कुणीच उरलं नाही. म्हणून तुलाच लिहायला बसले.

आठवतं, ही पुस्तकं तुझ्याकडे कशी यायला लागली ते? बारावीनंतर लातूरला क्लास लावून मी दुसऱ्यांदा परीक्षेला बसणार होते. जपानी चित्रांची, त्यातून रक्त पिणाऱ्या भुतांच्या प्रेमाची पुस्तकं घरी सापडली असती तर बाबांनी माझ्यासकट रद्दीत दिली असती. म्हणून पार्सल तुझ्या पत्त्यावर. न उघडता कपाटात ठेव, एवढंच तुला सांगितलं होतं. आणि तुझ्यासारख्या चित्रकलेच्या बाईंना चित्रांचं पुस्तक न उघडता ठेवायला सांगणारी मी किती शहाणी!

सुट्टीत आले तेव्हा पहिला भाग तुझा वाचूनही झाला होता. इंग्रजी बारीक अक्षर तुला दिसत नव्हतं, त्यामुळे फक्त चित्रं बघून. आणि तू वाचलास तो आपल्या पुस्तकासारखा, डावीकडून. ही पुस्तकं उजवीकडून उघडायची असतात, आपल्याला जे मलपृष्ठ वाटतं तिथून, हे तुला कोण सांगणार? मला चहा देता देता तू गोष्ट सांगायला लागलीस. "एक माणूस पहाटं घर सोडून जातो. बाई रडती. मग दोघं भांडतेत, मग हळूहळू बोलाय लागतेत, मग एका ताटात जेवतेत. अन् शेवटी तो दारात हुबा, वरून कापूस पडून राहिला, अन् ती दार उघडती. लई चांगलं पुस्तक हाय गं."

कापूस नाही, तो बर्फ होता. मी लोळून लोळून हसले. मग पुस्तक फिरवून तुला खरा क्रम दाखवला. तो आधी येतो, बर्फात दारात उभा राहतो, आणि शेवटच्या पानावर पहाटे न सांगता निघून जातो. तू चष्मा पुसलास. दोन्हीकडून पानं चाळून पाहिलीस.

"म्हंजे तुमच्या बाजूनं तो जातो व्हय?"

मी हो म्हटलं.

"मग मी आपली माझ्याच बाजूनं वाचते," म्हणालीस आणि कणीक मळायला उठलीस. मला तेव्हा तो तुझा हट्ट वाटला. थट्टेचा विषय मिळाला म्हणून मी खूश होते.

पुढच्या प्रत्येक भागाला हेच. मी उजवीकडून वाचून तुला मराठीत सांगायचे, आणि मी गेल्यावर तू डावीकडून आपली गोष्ट लावायचीस. त्यातली नावं आपल्या दोघींच्या जिभेवर बसेनात, म्हणून तू सगळ्यांचं बारसं केलंस. नायिका झाली शकू. तीनशे वर्षांचा तो गोरापान रक्तपिपासू वाघुळराव. आणि गावातल्या औषधाच्या दुकानात बसणारा, शकूवर जीव टाकणारा, चष्मा लावणारा तो भला मुलगा झाला कंपाउंडर. तू गेल्यावर एकदा मी त्यांची खरी नावं मोठ्यानं म्हणून पाहिली, तर कुणी भलतेच पाहुणे घरात आल्यासारखं वाटलं.

मी कंपाउंडरच्या बाजूची. तू वाघुळरावांची. त्यावरून काय भांडलोय आपण! शेवटी शकू ज्याची होईल त्याच्या बाजूच्या बाईला दुसरीनं आयुष्यभर धपाटे करून घालायचे, अशी पैज होती आपली.

मी म्हणायचे, अगं, त्यानं तिच्या सख्ख्या भावाचं रक्त प्यायलं, आणि तिच्याच घरात बसून तिच्याशी खोटं बोलला. सांगूनसवरून पळपुटा माणूस. त्यात काय बघतेस तू? पहिल्यांदा तू म्हणालीस, त्याचे केस लई देखणे काढलेत. मी चिडले तेव्हा मग खरं बोललीस. "वाईटच हाय त्यो. मी कुठं चांगला म्हणाले? पर आपण वाईट हाव, हे त्याला ठावं हाय."

आणि कंपाउंडर? त्याच्याबद्दल तू जे दाखवलंस ते मला माझ्या डोळ्यांनी कधीच दिसलं नसतं. शाळेत पोरांना हात काढायला शिकवण्यात तुझी उमर गेली, त्यामुळे तू चेहरे नाही, हात बघायचीस. "तोंड हसरं हाय, मान्य. पर बघ, जितं-तितं तिचा दंड धरलाय त्यानं. सोडतच न्हाई." मी पानं उलटून पाहिली. तसंच होतं. तरी मी हार मानली नाही.

शकूवर मात्र तू सगळ्यात जास्त चिडायचीस. त्या गोष्टीतला कायदाच असा, की रक्तपिपासूला घरातल्यानं बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. एकदा तो निघून गेला की परत यायला परत बोलावणं लागतं. वाघुळराव भागच्या भाग बाहेर उभा, आणि ही आत. ना कडी काढते, ना खिडकीतून हटते. "ह्या पोरीला 'या' बी म्हणता येईना अन् 'जा' बी म्हणता येईना," असं म्हणून तू पुस्तक मिटायचीस. आत्या, एवढा राग चित्रातल्या पोरीवर कुणी करतं का? मला तेव्हा कसं कळलं नाही?

खरं तर सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते, म्हणजे तुझे यजमान. नात्यानं माझे मामा, पण ती हाक मी त्यांना कधी मारली नाही. मी जन्मायच्या कितीतरी आधी ते नांदेडला नोकरीसाठी म्हणून गेले आणि तिथंच दुसरं घर मांडून बसले. तू कंधारला शाळेत राहिलीस, घर बांधलंस, बाबांचं शिक्षण केलंस. मग पुढे ती नांदेडची बाई वारली, ते रिटायर झाले आणि बसस्टँडामागं खोली घेऊन कंधारला राहायला आले. बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन ते तुझ्या गेटाशी येऊन उभे राहायचे, आणि तू तांब्या-फुलपात्र घेऊन बाहेर जायचीस.

मी सुट्टीत असले की खिडकीतून बघायचे आणि माझं पित्त खवळायचं. तू म्हणायचीस, दारी आलेल्याला पाणी विचारावं लागतं, मग तो वैरी का असेना. खरंय, रीतच आहे आपल्याकडची. पण पाणी झालं की 'आत या, बसा' म्हणायचं, हीसुद्धा रीतच आहे ना? तू तेवढी अर्धीच पाळायचीस. ते पाणी प्यायचे, फुलपात्र कठड्यावर उपडं ठेवायचे आणि जायचे. ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत तू तिथंच. मी तुला चिडवायचे, अशा माणसाला पाणी तरी कशाला? तू आत येऊन डावीकडून पुस्तक उघडायचीस.

मग तुला लातूरला दवाखान्यात आणलं. शेवटच्या आधीचा भाग तोवर येऊन गेला होता. त्यात वाघुळराव दाराशी उभा आणि शकूचा हात कडीवर, एवढ्यावर सोडलेलं. एका दुपारी तू डोळे उघडून मला विचारलंस, "शकूनं घेतलं का गं त्याला आत?"

मी म्हणाले, अजून पुढचा भाग यायचाय, आला की पहिल्यांदा तुलाच सांगेन.

"तवर त्यो तसाच हुबा?"

मी म्हटलं, तसाच उभा. तू तोंड खिडकीकडे वळवलंस. मला वाटलं, थकलीस. मी पांघरूण सारखं केलं आणि डॉक्टरांना शोधायला गेले. त्यानंतर तू फारशी बोललीच नाहीस.

आता गेल्या आठवड्याचं ऐक. पार्सल आणायला मी दुसऱ्या दिवशी एसटीनं कंधारला गेले. निरोप धाडला होता, म्हणून ते गेटाशी येऊन उभे होते. वाळलेत खूप. पार्सल दोन्ही हातांत धरलेलं, उघडलेलं नव्हतं. मी कुलूप काढलं, आत गेले, खिडक्या उघडल्या. बाहेर बघते तर ते गेटाच्या पलीकडेच. मला घशाशी आलेलं बरंच काही बोलायचं होतं. पण हात आपोआप माठाकडे गेला. माठ कोरडा. शेवटी माझ्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी तुझ्या फुलपात्रात ओतून बाहेर नेलं.

पार्सल माझ्याकडे देऊन, पाणी पिऊन ते म्हणाले, ती गेल्यावर बी बाजाराच्या दिशी पाय इकडंच वळतेत. मग फुलपात्र कठड्यावर उपडं ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लातूरला बी आलतो मी. दवाखान्याच्या खाली झाडाखाली बसून व्हतो. नर्सबाईपाशी वर निरोप धाडला व्हता. तिला मिळाला म्हणल्या. पर वरून बोलावणं आलं न्हाई."

मी विचारलं, कुठल्या दिवशी? त्यांनी सांगितलं. तोच दिवस गं. तीच दुपार.

आत्या, सरळ विचारायचं होतंस! "खाली ते आलेत, त्यांना वर आण," एवढंच. मी तणतणले असते, तुला चार शब्द सुनावले असते, बाबांना काय सांगू म्हणून रडले असते, पण जिना उतरून गेले असते. तू मला शकूचं विचारलंस. आयुष्यभर पोरांना 'मनात आहे ते कागदावर उतरवा' म्हणून शिकवलंस, आणि स्वतःच्या मनातलं त्या जपानी पोरीच्या पदराआड ठेवलंस. ती तर पदरही घेत नव्हती.

तुझ्या मनात कडी काढायची होती की नाही, हे तरी मला कुठं माहीत आहे? कदाचित तू खाली बोलावणं धाडलंही नसतंस. कदाचित शेवटचं पाणीच दिलं असतंस. पण विचारलंस, हे खरं. आणि त्या प्रश्नाला मी 'पुढच्या भागात' असं उत्तर दिलं.

पुस्तक मी तिथंच, तुझ्या पाटावर बसून वाचलं. आधी माझ्या बाजूनं. मी जिंकले गं. सुरुवातीला जुनी आठवण आहे, वाघुळराव पहिल्यांदा आला तो दिवस, शकू दार उघडून त्याला आत बोलावते. मग आताचं सगळं. शकू कडीवरचा हात काढून घेते. कंपाउंडरशी लग्न करते. आणि वाघुळराव बर्फातून चालत लांब लांब जातो, ठिपक्याएवढा होईपर्यंत. धपाटे तुझ्याकडून येणं आहेत. कुणाच्या हातचे खाऊ आता? आणि जिंकल्याचा आनंदही टिकला नाही, कारण लग्नाच्या चित्रात कंपाउंडरचा हात बघितला. तिच्या दंडावरच होता.

मग पुस्तक फिरवलं आणि तुझ्या बाजूनं वाचलं. पहिल्यांदाच. लांबवर बर्फात एक ठिपका असतो. तो मोठा मोठा होत येतो. माणूस होतो. फाटकाशी येतो, थांबतो, खूप पानं थांबतो. घरात काय काय घडत राहतं, लग्न उलटं मोडत जातं. शकूचा हात कडीवर जातो. आणि अगदी शेवटी ती दार उघडून म्हणते, या. माझ्या मांडीवर पुस्तक तसंच राहिलं. बाहेर बघितलं तर ते निघून गेले होते. मीही त्या दिवशी अर्धीच रीत पाळली होती, तुझ्यासारखी.

पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. ते कंधारच्या घरातच करायचं, असं मी बाबांना सांगितलंय, आणि का ते पण सांगितलं. ते ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तिचं घर हाय. तुला जे वाटंल ते कर." यापेक्षा जास्त त्यांच्याकडून मिळायचं नाही.

तुझ्या यजमानांना मी माफ केलेलं नाही, हे तुला सांगून ठेवते. माझा राग माझ्यापाशी राहील, कदाचित कायमचा. पण ते घर तुझं आहे आणि उरलेली अर्धी रीतही तुझी. म्हणून तुला शब्द देते. निरोप धाडीन, म्हणजे त्या दिवशी ते गेटाशी येतील. मी तांब्या घेऊन जाईन. त्यांचं पाणी होईल, फुलपात्र ते कठड्यावर ठेवायला जातील, तेव्हा ते मी त्यांच्या हातातून घेईन आणि तुझ्या वतीनं म्हणेन, "मामा, आत या."

तुझी, अजूनही कंपाउंडरच्या बाजूची,
मुक्ता